झुलूलँडमधला शनिवार

टूर मॅनेजरची नोकरी म्हणजे फुकटात जग बघायची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा परक्या विमानतळावर चोवीस माणसं आणि त्यांच्या बॅगा मोजून बघाव्यात. मी बावीस वर्षं तेच केलं. जगातली बरीच प्रसिद्ध ठिकाणं माझ्या पाठीमागे होती, कारण माझं तोंड कायम गटाकडे. कोण मागे राहिलं, कुणाला लघवीला जायचंय, कुणाचा चष्मा बसमध्ये राहिला, हे बघण्यात आयुष्य गेलं. तक्रार नाही. माणसं खूप बघितली आणि पाय चालते आहेत तोवर निवृत्त झालो, एवढं पुष्कळ आहे.

आमचं ऑफिस वाशीला. नव्वदच्या दशकात नेरूळ-बेलापूरकडे नवी वस्ती फुगत होती आणि आमचा धंदाही. सिंगापूर-बँकॉक करून झालेले लोक विचारायला लागले, "शिर्के, नवीन काय?" त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिका उघडली. त्याआधी आपल्या पासपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं असायचं की या देशात जायला हा चालणार नाही. वर्णभेद संपला, ती अट गेली, तरी जुने पासपोर्ट तसेच. आमच्या नेरूळच्या कानिटकरांनी, निवृत्त इंजिनियर माणूस, फॉर्म भरताना तो शिक्का मला भिंगाखाली दाखवला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला बेकायदा नेताय." ती ओळ रद्द करून आणेपर्यंत त्यांनी ॲडव्हान्स दिला नाही.

जोहान्सबर्गवरून डर्बन, तिथून उत्तरेला झुलू लोकांचा मुलूख, असा नऊ दिवसांचा कार्यक्रम मी आखला. क्वाझुलू-नाताल हे त्या प्रांताचं नाव. समुद्र आहे, डोंगर आहे, गेंडे आहेत, झुलू संस्कृती आहे, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डर्बनमध्ये कढीपत्ता मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भारतीयांची दुकानं आहेत. आमचा स्वयंपाकी रामभाऊ महाराज पहिल्याच दुकानात तूरडाळ हातात घेऊन असा काही हसला की मला वाटलं सहल इथेच वसूल झाली. मराठी गट परदेशात कशावर चालतो, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. सकाळचा चहा वेळेवर आणि संध्याकाळी वरणभात. मधे सिंह दिसला तर दिसला.

त्या मे महिन्यातल्या गटात दिवाळ्याचा बाळाराम होता. बेलापूरच्या खाडीकाठचं दिवाळे, कोळ्यांचं गाव. बाळाराम आता माती-खडीची कंत्राटं घ्यायचा, गळ्यात चेन, बोलायला दिलदार. त्याच्या बायकोला विमानाची भीती, म्हणून त्याने आईला आणलं होतं. ताराबाई. सत्तरीच्या आत-बाहेर, काटक, नऊवारी लुगडं, पायात मुलाने घेतलेले पांढरे बूट. सगळा जन्म मासळी विकण्यात आणि सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलण्यात गेलेला. कॉलनीतल्या बायका पहिल्या दिवशी तिच्यापासून जरा लांब बसल्या. तिसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसायला नंबर लागत होते, कारण ती डर्बनच्या बंदरावरचे मासे बघून कुठला ताजा, कुठला शिळा ते काचेपलीकडून सांगत होती.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जंगलात पोचलो. मोठ्या राखीव जंगलाचं नाव श्लुश्लुवे की तसंच काहीतरी, आमच्या मंडळींना ते जमेना, त्यांनी त्याचं 'हळूहळू' करून टाकलं. आमचा कॅम्प त्याच्या कुंपणाला लागून, खाजगी, लहानसा. नाव सांगत नाही. गवताच्या छपराच्या गोल खोल्या, मधे अंगण, एका बाजूला उघडं स्वयंपाकघर. तिथला वाटाड्या सिफो दुबे. आडनाव ऐकून कानिटकरांनी त्याला उत्तर प्रदेशातलं गाव विचारलं. सिफो हसून म्हणाला, त्यांच्या भाषेत दुबे म्हणजे झेब्रा.

आता चूक सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या धंद्यात भाषांतराची एक पद्धत असते. गाइड तीन मिनिटं बोलतो, आपण वीस सेकंदांत आटपतो. लोक दमलेले असतात, कुणाला चहा हवा असतो, आणि सूचनांचा पाढा ऐकायला कुणी पैसे भरलेले नसतात. सिफोने त्या संध्याकाळी आठ सूचना दिल्या. मी पाच सांगितल्या. अंधारात एकट्याने फिरू नका, गाडीतून उतरू नका, बूट बाहेर ठेवू नका, अशा. तिकडे रामभाऊची कांदाभजी तयार होती, वास सुटला होता, निम्मा गट उठून उभा राहिला होता. राहिलेल्या तीन सूचना मी गिळल्या. त्यातली एक होती, माकडांना काही खायला देऊ नका. खरं सांगायचं तर नुसती घाई नव्हती. शाळेच्या सहलीसारखं हे काय सांगायचं, असं वाटलं. शिवाय सांगून तरी यांना काय कळणार आणि कोण ऐकणार, हेही मनात होतं.

शनिवारी पहाटे उघड्या गाडीतून फिरायला गेलो. थंडी मजबूत, सगळे माकडटोप्या घालून. नऊ पांढरे गेंडे दिसले, त्यातलं एक पिल्लू आईच्या पुढे पुढे चालत होतं. सिफोने सांगितलं की हा प्राणी जवळजवळ संपला होता आणि याच भागातल्या जंगलांनी तो वाचवला. हे मात्र मी पूर्ण सांगितलं. कानिटकरांनी वहीत टिक केली. परत येऊन पोहे खाल्ले, आणि अंगणाच्या कठड्यावर माकडं आली.

राखाडी अंग, काळं तोंड, लांब शेपूट. आपल्याकडच्या वानरांची धाकटी भावंडं म्हणावीत अशी. त्यांच्यातला एक दांडगा नर, शेपटीचं टोक तुटलेला, कठड्यावर पुढे येऊन बसला. ताराबाई डाव्या हाताने पदर सावरत उठली. शनिवारी ती मासळीला हात लावत नसे, विकायचीही नाही. गावच्या मारुतीला तेल घालून आल्याशिवाय चहा नाही. इथे परमुलखात शनिवार पडला आणि देऊळ नाही, याची तिला सकाळपासून चुटपुट होती.

"आला बघ माजा देव," ती म्हणाली. "मी नाय जाऊ शकले, तर तोच आला."

तिने केळं सोललं आणि हात पुढे केला. शेपूटतुटक्याने ते तिच्या हातातून घेतलं, अगदी हळूच. तिने हात जोडले. मग सगळ्या गटाला भरतं आलं. कुणी चकली दिली, कुणी लाडू, कानिटकरांनी व्हिडिओ काढला. मी काय करत होतो? चहाचा कप घेऊन उभा होतो आणि हसत होतो. सिफो तेव्हा गाडी धुवायला गेला होता. मला ती गिळलेली सूचना आठवली, नाही असं नाही. पण म्हातारीचा चेहरा इतका फुलला होता की म्हटलं, जाऊ दे, एक दिवस.

रविवारी सकाळी शेपूटतुटका सरळ स्वयंपाकघरात शिरला. रामभाऊच्या हातातलं पोळ्यांचं भांडं ओढलं, रामभाऊने सोडलं नाही, तर दात दाखवून त्याच्या मनगटावर ओरखडा काढला. आरडाओरडा ऐकून कॅम्पचा मॅनेजर आला. त्याने रामभाऊचा हात धुतला, औषध लावलं, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शनला पाठवायची व्यवस्था केली. मग त्याने खाली पडलेला लाडवाचा तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. सिफोशी तो झुलूत चार शब्द बोलला. सिफोने मान खाली घालून ते मला इंग्रजीत सांगितलं.

"काय बोलतोय तो?" ताराबाईने विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही मावशी. माकडाला पकडून लांब जंगलात सोडणार आहेत."

तिने माझ्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं. पन्नास वर्षं टोपलीसमोर बसून गिऱ्हाइकं ओळखलेली बाई. "बाला, तू खोटं बोलताना चश्मा पुसतंस," ती म्हणाली. "कालपासून बघतंय. खरं सांग."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खरं सांगितलं. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं माकड इथे ठेवत नाहीत. लांब सोडलं तर ते परत येतं किंवा दुसऱ्या कळपाकडून मार खातं. आज ओरखडा काढला, उद्या एखाद्या लहान मुलाला चावेल. म्हणून त्याला गोळी घालतात, आणि ते काम सिफोचं.

ताराबाई खाली बसली, मातीतच. बाळाराम तावातावाने पुढे आला. "साहेबाला विचारा दंड किती हाय. आता भरतो." मी विचारलं. मॅनेजर म्हणाला, दंड नाही. दंड घेऊन माकडाची सवय कशी जाईल? बाळारामला पहिल्यांदाच खिशात हात घालून रिकामा काढताना बघितलं.

मग मी मॅनेजरसमोर खरंच गयावया केली. चूक माझी आहे, या बाईची नाही, हे त्याला सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे गटाला कळलं नाही, आणि तेव्हा ते मला सोयीचंच वाटलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, तुम्ही मंगळवारी सकाळी जाणार. तोवर ते जनावर माणसांपासून लांब राहायला शिकलं तर बघू. जवळ आलं तर माझा इलाज नाही.

त्याचं हे बोलणं मी गटाला शब्दन्‌शब्द सांगितलं. अंगणातला फराळ बंद झाला, खिडक्या लागल्या, रामभाऊने सगळं सामान एका बंद खोलीत हलवलं आणि दार लावून, घामाघूम होत, एका हाताने खिचडी केली. एकाही माणसाने कुरकुर केली नाही. ताराबाईने खिचडी घेतली नाही. चहाही नाही.

त्या दुपारी कार्यक्रमात झुलू नाच होता, पर्यटकांसाठी बांधलेल्या गावात. ताराबाई येत नाही म्हणाली. सिफो मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाच बाकीच्यांना बघू दे. या आजीला माझ्या आईकडे घेऊन चल." बाळाराम, ताराबाई आणि मी, तिघे त्याच्याबरोबर गेलो.

सिफोने फाटकाबाहेर उभं राहून हाक दिली आणि आतून उत्तर येईपर्यंत पाऊल टाकलं नाही. तिकडची रीत आहे. गुरांचा गोठा अगदी मधोमध, त्याभोवती गोल झोपड्या. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पुरुष उजवीकडे बसले, ताराबाईला डावीकडे चटई दिली. समोरच्या भिंतीशी एक जागा रिकामी, सारवलेली, दोन मडकी ठेवलेली. सिफो म्हणाला, ती जागा आमच्या गेलेल्या माणसांची, तिथे कुणी बसत नाही. मी सांगायच्या आधीच ताराबाईने तिकडे हात जोडले होते. सिफोच्या आईने ते बघितलं. ज्वारीच्या आंबट पेयाचं मडकं पुढे ठेवून पहिला घोट तिने स्वतः घेतला, म्हणजे यात काही वाईट नाही, अशी पाहुण्याला खात्री. आमच्या बाईने सकाळपासूनचा उपास त्या घोटावर सोडला.

मग म्हातारी आम्हाला मागच्या शेतात घेऊन गेली. मका कापायला आला होता. बांधावर तिची बसायची जागा, शेजारी दगडांची रास आणि एक पत्र्याचा डबा. ताराबाईने विचारलं, "हे कशाला?"

प्रश्न मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून झुलूत गेला आणि उत्तर तसंच उलट आलं. म्हातारी म्हणाली, माकडांसाठी. सकाळपासून इथे बसते, आली की डबा वाजवते, दगड मारते.

"लागला तर?"

"लागायलाच पाहिजे एखादा," म्हातारी म्हणाली. "मी दगड मारते म्हणून ती मला घाबरतात. घाबरतात म्हणून माझा मुलगा बंदूक आणत नाही. शेजारच्या शेतात राखायला कुणी नाही. तिथे माकडं माजली आणि मेली. माझी जिवंत आहेत." मग ती म्हणाली, "तीसुद्धा कुणाची तरी आहेतच."

मी यातला एकही शब्द गाळला नाही.  परतताना गाडीत ताराबाईने विचारलं, "रस्त्यात बारके दगड भेटतील का?"

सोमवारी सकाळी ती अंगणात एकटी बसली. लुगड्याचा ओचा दगडांनी भरलेला, बाजूला रामभाऊची परात. आम्ही सगळे खिडक्यांच्या मागे. सिफो कोपऱ्यावर उभा, खांद्यावर बंदूक. नऊच्या सुमाराला शेपूटतुटका कठड्यावर आला. त्याने तिला ओळखलं असावं. तो दोन पावलं पुढे आला आणि हात पुढे केला.

ती उठली नाही. क्षणभर मला वाटलं, हिच्याने होणार नाही. मग तिने हात जोडले, कपाळाला लावले, आणि त्याच हाताने दगड उचलून मारला. बोंबलांवरचे कावळे टिपणारा नेम. खांद्याला बसला. माकड किंचाळून मागे सरलं, पण गेलं नाही, तिच्याकडेच बघत राहिलं. तेव्हा ती परात बडवत उठली आणि दिवाळ्याच्या बाजारात ऐकू येतात तशा शिव्या तिने त्याला घातल्या, त्याच्या सात पिढ्यांसकट. दुसरा दगड. तिसरा. शिव्या देताना ती रडत होती आणि नेम चुकत नव्हता. माकड झाडावर गेलं.

दिवसभरात ते आणखी दोनदा आलं. दोनदा तिने तेच केलं. कानिटकरांनी कॅमेरा काढला होता, तो त्यांनी न सांगता पिशवीत ठेवला आणि संध्याकाळी तिला चहा नेऊन दिला.

मंगळवारी बॅगा बसमध्ये चढत होत्या. मॅनेजर आणि सिफो अंगणात आले होते. ताराबाई पायऱ्या उतरली आणि लांबच्या झाडावरून शेपूटतुटका ओरडला. सिफोने सांगितलं, ही त्यांची धोक्याची हाक. पाठोपाठ अख्खा कळप फांद्यांवरून उड्या मारत दिसेनासा झाला. मॅनेजरने मान डोलावली आणि सिफोच्या खांद्यावरची बंदूक स्वतःकडे घेऊन तो ऑफिसात गेला.

गटाने टाळ्या वाजवल्या. मी डोकी मोजली, चोवीस, आणि ताराबाईच्या शेजारी जाऊन बसलो. बसने मुख्य रस्ता पकडला. मग सांगून टाकलं. पहिल्याच संध्याकाळी सिफोने बजावलं होतं, मी ते तुम्हाला सांगितलंच नाही. भजी गार होतील म्हणून, आणि तुम्हाला काय कळणार म्हणून.

खिडकीबाहेर उसाचे मळे मागे जात होते. ती म्हणाली, "म्हंजे माज्या हातून देवाला दगड तू मारवलास."

"हो, मावशी."

"माजं केळं खाऊन मेला असता तो." तिने पदराने तोंड पुसलं. "आता मना बघून पलतो. पलू दे. देव लांब राह्यला तरी चालंल, जिता पायजे."

मी उठायला लागलो, तसं तिने माझं मनगट धरलं. राग नव्हता, पण पकड घट्ट होती.

"फुडच्या येलेला सगलं सांगायचं, बाला," ती म्हणाली. "सांगितलं तर आमाला समजतं."